वाढवायची नाही, आवरायची आहे

‘इतक्या गोळ्या घेऊन प्रतिकारशक्ती मारतेस कशाला? ती वाढव ना!’ हे इतक्या जणांनी विचारलंत की आता एकदाच लिहून टाकते.

मला पेम्फिगस व्हल्गॅरिस आहे, त्वचेवर आणि तोंडात फोड आणणारा आजार. माझी प्रतिकारशक्ती कमी नाही हो, नको तिथे जोरात आहे. त्वचेच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं डेस्मोग्लीन ३ नावाचं प्रथिन तिला परकं वाटतं. ती त्याच्यावर प्रतिपिंडं सोडते, पेशींची पकड सुटते आणि मध्ये पाणी साचतं. तोच फोड. यात अजून काय वाढवू?

शहाणपणा शिकवायचा मला हक्क नाही, तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी मी स्वतःच स्टेरॉइड बंद केलं होतं आणि ‘इम्युनिटी बूस्टर’ प्यायला लागले होते. कारण लोकांना सांगितलं दुष्परिणामांचं. खरं कारण आरशात होतं, भाकरीसारखा गोल झालेला चेहरा. पंधरा दिवस बरे गेले. मग ब्रश लागला आणि हिरडीची साल निघाली. तोंड सोललेलं, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी. एका पहाटे कूस बदलायला गेले तर चादर पाठीबरोबर उठली. ओढायची हिंमत होईना. बहीण कोमट पाण्यात फडकं भिजवून बोटभर बोटभर चादर सोडवत होती. पाऊण तास लागला असेल. ती एक शब्द बोलली नाही, आणि मला तेच जास्त लागलं. त्यात बूस्टरचा दोष किती, माहीत नाही. गोळ्या मी थांबवल्या होत्या.

नंतर नियामक टी पेशींबद्दल वाचलं. प्रतिकारशक्तीच्या बाकीच्या पेशींना वेसण घालणाऱ्या या पेशी. त्यांच्यात फॉक्सपी३ नावाचं जनुक काम करतं. ते जन्मतः बिघडलेल्या मुलांत शरीर स्वतःवरच उठतं. त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात बीपी१८० या त्वचेतल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडंही सापडली आहेत, म्हणजे बुलस पेम्फिगॉइड या फोडांच्याच दुसऱ्या आजारातली, माझ्या आजाराच्या चुलत घरातली. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल ब्रंकॉव, रॅम्सडेल आणि साकागुची यांना याच कामासाठी मिळालं, तेव्हा मी डॉक्टरांना धरलंच: ‘माझ्या या पेशी मोजा. कमी असतील तर त्याच वाढवा.’

डॉक्टर म्हणाले, मोजून काय करू? पेम्फिगसच्या रुग्णांत काही अभ्यासांना त्या कमी दिसल्या, काहींना नाही. शिवाय रक्तातला आकडा आणि त्वचेत त्या काय करतात, या दोन गोष्टी. मला राग आला. म्हणजे ‘वाढवा’ म्हणणाऱ्या तुमच्यात आणि माझ्यात फरक तो काय राहिला? फक्त पेशीचं नाव मला माहीत होतं.

तरी एक सांगते, मी अगदीच चुकले नव्हते. स्टेरॉइड सगळ्यांनाच झोपवतं. रिटुक्सिमॅब हे औषध निदान प्रतिपिंडांमागच्या बी पेशींवर नेम धरतं, पण तिथेही चांगल्या-वाईट एकत्रच जातात. फक्त बिघडलेल्यांना आवरणारं काही हवं, ही माझी मागणी अजून तशीच आहे. गोळी मात्र घेते आहे.

काल हिरडीवर पुन्हा एक ठिपका सोललेला दिसला. ब्रश लागला असेल, असं मी बहिणीला सांगितलं. तिने काही न बोलता डॉक्टरांची वेळ घेतली.