आईची सोनोग्राफी आणि बाबांची बार्ज

परवा आईची सोनोग्राफी झाली, दुसऱ्यांदा. पहिली फेरी फुकट गेली कारण निघताना तिने दुधाचा चहा नि दोन पाव खाल्ले होते, सेंटरवाल्यांनी फोनवर नुसतं "उपाशी या" म्हटलेलं आणि आईच्या हिशोबात चहा-पाव म्हणजे उपाशीच. दुखत्या पोटाने तिला डिचोलीहून म्हापशाला नेली नि तशीच परत आणली. खूप राग आला मला, आईचा नाही, उपाशी का ते एका वाक्यात सांगितलं असतं तर तिने चहाला हातसुद्धा लावला नसता.

म्हणून यावेळी मीच सांगितलं. दूध, तेलकट असं काही पोटात गेलं की पित्ताची पिशवी आकसते, मग आत खडे असले तरी नीट दिसत नाहीत, सहा-आठ तास काही खाल्लं नाही की ती भरून फुगते. लघवी तुंबवून ठेवायला लावतात तो तर मला छळच वाटायचा, पण सोनोग्राफीत पोटात सोडतात तो आवाज आतड्यातल्या गॅसमधून पुढे जात नाही, भरलेलं मूत्राशय आतडी बाजूला सारतं आणि त्या पाण्यातून मागचं स्वच्छ दिसतं.

आईला भीती किरणांची. "बाय, दोनदोनदा किरणं घेतलेली बरी का गे?" किरणं नसतातच यात, नुसता आवाज, आपल्याला ऐकू येतं २० हजार हर्ट्झपर्यंत आणि पोटासाठी वापरतात तो साधारण २० ते ५० लाखांचा. हे काही तिला पटेना. मग बाबांचं यार्ड आठवलं. मांडवीच्या काठी खाणीचा माल वाहणाऱ्या सपाट बोटी, म्हणजे बार्ज, दुरुस्तीला यायच्या, पत्रा किती झिजलाय ते बघायला बाबा त्याला ग्रीस लावून छोटा प्रोब टेकवायचे, आवाज पलीकडे आपटून किती वेळात परत येतो त्यावरून जाडी कळायची. पोटाला थंडगार जेल लावतात तेही त्याचसाठी, मध्ये हवा राहू नये. ग्लासगोच्या डॉक्टर इयान डोनाल्डनीही पोटाच्या सोनोग्राफीची सुरुवात धातूतल्या भेगा शोधायच्या मशीननेच केली, त्यावरचा त्यांचा पेपर आला १९५८ मध्ये.

आई जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या बाबांचंच काम हे."

यावेळी डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, स्क्रीन आईकडे वळवली. पांढरा ठिपका, त्याच्यामागे काळी सावली, डाव्या कुशीवर वळवल्यावर तो पिशवीत घरंगळला. खडाच, कारण पॉलिप, म्हणजे पिशवीच्या आत वाढलेली छोटी गाठ, भिंतीला चिकटलेला असतो, असा हलत नाही. सोमवारी बांबोळीला सर्जनना दाखवायचंय.

शेजारच्या काकींची सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात आहे. काल आई कुंपणापाशी उभी राहून त्यांना सांगत होती, चहासुद्धा नको हां, पिशवी आकसते.