बाबांची एफडी, चार स्पेलिंगं आणि नऊ खेपा

"आमच्याकडे आहे काय वाटण्यासारखं?" असं बाबा नेहमी म्हणायचे. मोटारसायकल पायलट होते ते, म्हणजे बाईकवरून भाड्याने प्रवासी नेणारे, गोव्यात डिचोलीच्या स्टँडवर तीस वर्षं. २०२३ च्या गणपतीच्या चवथीआधी पंधरा दिवस ते वारले. मागे काय, तर पिवळ्या मडगार्डची बाईक, सेव्हिंग्ज खातं, दोन लाख चाळीस हजाराची एक एफडी आणि वडिलोपार्जित घरात वाटा. इस्टेट प्लॅनिंग वगैरे शब्द बंगलेवाल्यांचे असं मलाही वाटायचं. आता वाटत नाही, म्हणून हे लिहितोय.

सेव्हिंग्ज खात्याला आई नॉमिनी होती. मृत्यूचा दाखला, आईचं आधार, एक फॉर्म, आणि आठवड्यात पैसे आले. त्याच बँकेत, त्याच काउंटरवर एफडी अडकली. तांदळाच्या डब्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत बाबांनी पावती जपून ठेवली होती, तिच्यावर नॉमिनीच्या रकान्यात कुणीतरी पेनाने नुसती आडवी रेघ मारलेली. बँकेने सांगितलं, सक्सेशन डीड आणा, म्हणजे वारस कोण ते ठरवणारा दस्त. प्रत्येक बँकेची एक मर्यादा असते आणि तेवढ्या रकमेपर्यंत नॉमिनी नसला तरी इंडेम्निटी बॉण्डवर, म्हणजे भरपाईच्या लेखी हमीवर, पैसे देतात, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तुम्ही आधी हेच विचारा.

घरासाठी डीड लागणारच होतं म्हणून वकिलांना गाठलं. गोव्यात हे सब-रजिस्ट्रारकडे होतं, तेच आपले स्पेशल नोटरी. २०१२ चा कायदा आहे, २०१६ च्या डिसेंबरात लागू झाला. आमच्यात भांडण नव्हतं, ताई लगेच तयार. भांडण असतं तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीचा खटला, आणि ती किती वर्षं चालते ते शेजाऱ्यांकडे बघितलंय. सगळं सरळ होतं, अडलो नावावर.

बाबांचं नाव शंभू नाईक, जन्म १९५७ चा, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतला. जन्माच्या नोंदीत शंभूचा श एक्सने लिहिलेला आणि नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई. लग्नाच्या नोंदीत एस-एच. आधारवर भू मधला एच गायब. मृत्यूच्या दाखल्यावर हॉस्पिटलने जे लिहून दिलं ते चौथंच. खिडकीवरच्या क्लार्कने चारही कागद शेजारी शेजारी ठेवले, पेन्सिल एकेका अक्षरावरून फिरवली आणि म्हणाला, "हो एकूच मनीस हें कशें कळटलें?" मी काय सांगणार, माझे वडील होते ते! "फाल्यां येयात." म्हणजे उद्या या.

मग अ‍ॅफिडेव्हिट करून नेलं, की ही चारही नावं एकाच माणसाची. तर म्हणे मुलाचं नको, बायकोचं पाहिजे. आईचे गुडघे दुखतात, ऑफिस पहिल्या मजल्यावर, तिला कठड्याला धरून एकेक पायरी चढवत नेली, वर गेलो तर साहेब मीटिंगला. पुढच्या खेपेला अ‍ॅफिडेव्हिट बघून म्हणाले यात आजोबांच्या नावाचं जुनं स्पेलिंग आलं नाही, ते पण एक्सवालंच होतं. परत टायपिंग, परत नोटरी, परत रजा. मी शिफ्टमध्ये काम करतो, रजा म्हणजे पगार कापला. नऊ खेपा झाल्या. नऊ दिवसांचा पगार, वकिलांची फी, झेरॉक्स, पेट्रोल, हे सगळं त्या दोन लाख चाळीस हजारातूनच गेलं की. दोन कोटीवाल्याला नऊ खेपा परवडतात, आम्हाला नाही, आणि घरखर्चाला पैसे नेमके तेव्हाच लागत होते. अजून राग येतो, कारण चारातली एकही चूक आमची नव्हती, आणि काय काय लागेल ते पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून दिलं असतं तर दोन खेपांत संपलं असतं.

शेवटी डीड झालं, राजपत्रात नोटीस आली, बँकेने पैसे दिले. एक-चौदाला, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याला, नावं चढवायचं काम मामलेदारांकडे चालू आहे.

बाईकचं राहिलंच. मालक गेल्यावर आरटीओला तीस दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत गाडी वारसाच्या नावे करायचा फॉर्म ३१ भरायचा, आम्ही उशीर केला. आता आरसीवरही नॉमिनी घालता येतो. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा तरी प्रती काढा. आणि आईवडील हयात असतानाच त्यांचे जन्माचे, लग्नाचे दाखले काढून स्पेलिंगं जुळवून बघा, अ‍ॅफिडेव्हिट ज्याचं त्यालाच करू द्या, मग आईला जिना चढावा लागणार नाही.

मृत्युपत्राचं म्हणाल तर आत्या सावंतवाडीहून सांगायची, साध्या कागदावर लिहा, दोन साक्षीदार घ्या, झालं. महाराष्ट्रात ते चालतं. वकील म्हणाले गोव्यात स्पेशल नोटरीसमोरच करायचं. शिवाय आपल्याकडे लग्नाचा वेगळा करार नसेल तर बायको अर्ध्याची मालकीण असतेच, आणि मुलं असली तर आपल्या वाट्यातला अर्धाच हवा त्याला देता येतो, बाकीचा मुलांचा राखीव, मुलगा-मुलगी समान. नॉमिनी म्हणजे मालक असंही नव्हे, तो पैसे घेतो पण हक्क वारसांचा. तरी नॉमिनी हवाच, आमच्या दोन खात्यांतला फरक बघा.

मग घरी येऊन माझं पीएफ उघडलं. नॉमिनी आई, लग्नाआधी भरलेली. लग्न झालं की ते नॉमिनेशन रद्द धरतात हे मला सात वर्षं माहीत नव्हतं. त्याच रात्री बायकोचं आणि मुलीचं नाव ऑनलाइन भरलं.

आईच्या नावाने नवी एफडी केली. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार नॉमिनी ठेवता येतात, त्यामुळे ताई आणि मी दोघेही. आईने काउंटरवरच पावती माझ्याकडे दिली, म्हणाली नावं वाच, स्पेलिंगसकट. मी एकेक अक्षर वाचलं, तिने आधारशी ताडून बघितलं, मग बाबांच्या त्याच प्लास्टिकच्या पिशवीत पावती घातली आणि पिशवीला गाठ मारली.