तुम्ही विचारलंत म्हणून : भांडी घासण्याचे यंत्र कोणते घ्यावे?

जेवण आटोपून हात धुवायला उठलेला पाहुणा आमच्या ड्राय बाल्कनीत डोकावतो, कपड्यांच्या यंत्राशेजारी उभे असलेले दुसरे यंत्र त्याला दिसते आणि प्रश्न येतो, ‘‘आम्हीही डिशवॉशर घ्यावे म्हणतो आहोत, कोणत्या कंपनीचे घेऊ?’’ एका शब्दात उत्तर मिळेल अशी त्याची अपेक्षा असते. मी मात्र आधी त्याच्याच घरातील भांड्यांची, नळाच्या पाण्याची आणि ओट्याखालच्या जागेची चौकशी सुरू करते, त्यामुळे माझे उत्तर लांबते. पण दुकानात शिरण्यापूर्वी या तीन गोष्टी ठरल्या, तर कंपनीचा प्रश्न फार थोडा उरतो, हा माझा अनुभव आहे.

आमच्या घरी सासूबाई, आम्ही दोघे आणि दोन मुले असे पाच जण आहोत. 2020 च्या टाळेबंदीत भांड्यांना येणाऱ्या मावशींचे येणे थांबले, तेव्हा इतरांप्रमाणेच आम्हालाही या यंत्राची आठवण झाली. प्रत्यक्ष खरेदी पुढच्या वर्षी झाली. विक्रेत्याने सांगितले, की हे ‘13 प्लेस सेटिंग’चे यंत्र आहे, म्हणजे तेरा माणसांची भांडी बसतील. हा हिशेब युरोपातील जेवणाच्या टेबलाचा आहे. चपट्या प्लेट, कप-बशा, पेले आणि काटे-चमचे तेरा जणांचे बसतात, हे खरे. पण त्या मोजणीत कढई नाही, कुकरचे डबे नाहीत, दुधाचे पातेले नाही आणि कणीक भिजवलेली परात तर नाहीच. यंत्रातले उभे दांडे चपट्या प्लेटसाठी आखलेले असतात आणि आपल्या ताटाला कड असते. ती कड शेजारच्या ताटाला टेकते, म्हणून एक खाच सोडून ताट लावावे लागते. हलक्या स्टीलच्या वाट्या पाण्याच्या फवाऱ्याने उलटतात आणि सकाळी उघडून पाहावे, तर त्यांत गढूळ पाणी साचलेले असते. वाट्या तिरक्या, एकमेकींना अडवून लावण्याची कला साधायला मला पंधरा दिवस लागले. म्हणून चार-पाच माणसांच्या घराने 13 किंवा 14 सेटिंगहून लहान यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओट्यावर ठेवायचे आठ सेटिंगचे यंत्र दोघांच्या घराला ठीक आहे, पण पाच जणांच्या स्वयंपाकाची भांडी त्यात मावत नाहीत.

दुकानात जाताना घरातले सर्वांत मोठे ताट आणि रोजची कढई पिशवीत घालून न्यावी. हे ऐकून लोक हसतात, पण खालच्या जाळीत ताट उभे केल्यावर पाणी फवारणारा वरचा पंखा अडकतो का, वरची जाळी खाली-वर सरकवता येते का आणि खालचे दांडे आडवे पाडून कढई पालथी बसते का, हे अन्यथा कळत नाही. भांडी कशाची आहेत, हेही आधी पाहावे. स्टील, काच आणि चिनी मातीला काही होत नाही. ॲल्युमिनियम मात्र यंत्रात घालायच्या पावडरीतील तीव्र अल्कलीने काळवंडते. माझ्या आईने दिलेले एक पातेले मी अशाच अज्ञानाने करड्या रंगाचे करून ठेवले आहे. बिडाच्या तव्यावर मुरलेले तेल निघून जाते, लाकडी पोळपाट तडकतो आणि पितळेची चमक जाते. ज्या घरात अर्धी भांडी अशी आहेत, त्या घराने यंत्राचा मोह टाळलेला बरा.

पाण्याचा विषय दुकानात कोणी काढत नाही आणि तक्रारी सर्वाधिक त्याच्याच असतात. पुण्याच्या मध्यवस्तीत धरणाचे पाणी येते, ते बऱ्यापैकी मऊ असते. आमच्यासारख्या उपनगरात उन्हाळ्यात बोअरचे आणि टँकरचे पाणी मिसळले जाते आणि काळ्या खडकातून आलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. काचेच्या पेल्यावर पांढरट थर बसतो तो त्यांचाच. यंत्राच्या तळाशी मिठाचे एक भांडे असते. आतील राळेचे मणी पाण्यातले हे क्षार धरून ठेवतात आणि मिठाच्या पाण्याने ते मणी पुन्हा धुऊन ताजे होतात. पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात हे क्षार किती, हे तपासणीची पट्टी बुडवून पाहावे आणि त्यानुसार यंत्रातला आकडा लावावा. शुद्धीकरण यंत्रवाल्याचा टीडीएस मीटर येथे पुरत नाही, कारण तो पाण्यात विरघळलेले सगळेच एकत्र मोजतो. मीठही यासाठीचे वेगळे मिळते तेच घालावे. जेवणाचे मीठ बारीक असते आणि त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून इतर द्रव्ये मिसळलेली असतात, तर खडे मिठात क्षारांची भेसळ असते. पावडरीऐवजी वडीही मिळते आणि मिठासकट सगळे काही एकाच वडीत आहे, असे वेष्टनावर लिहिलेले असले, तरी बोअरच्या पाण्याला ती वडी एकटी पुरी पडत नाही.

जागा 60 सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल लागते. आमच्या ओट्याखाली कडप्प्याच्या दोन उभ्या फरश्यांमध्ये 58 सेंटिमीटरच अंतर निघाले, म्हणून यंत्र ड्राय बाल्कनीत गेले. तिथे नळ, सांडपाण्याची वाट आणि 16 अँपिअरचा प्लग आयता होता. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी नळाचा दाब तपासून घ्यावा; बहुतेक यंत्रांना किमान 0.3 ते 0.5 बार, म्हणजे टाकीचे पाणी नळापासून तीन ते पाच मीटर उंच असावे लागते.

प्रोग्राम किती आहेत, यावर किंमत वाढते आणि वापरात येतात दोनच. रोज रात्री मंद तापमानाचा इको प्रोग्राम लावावा. तो तीन तासांहून अधिक चालतो याचे लोकांना नवल वाटते, पण पावडरीतील विकरांना (एन्झाइमना) भाताचा स्टार्च आणि डाळीतली प्रथिने सोडवायला फार गरम पाणी नको, पुरेसा वेळ हवा असतो. कढई-कुकरसाठी 65 ते 70 अंशांचा एक जोरकस प्रोग्राम हवा. बॉश कंपनीने तर त्याला कढईचेच नाव दिले आहे. ‘इन्व्हर्टर मोटर’ असलेले यंत्र घरातल्या इन्व्हर्टरवर चालेल, असे आमच्या शेजाऱ्यांना वाटले होते. त्या शब्दाचा अर्थ मोटरचा वेग कमी-जास्त करता येतो एवढाच आहे; पाणी तापवणारे दोन हजार वॅटचे कॉइल घरगुती बॅटरीला झेपत नाही.

राहिला कंपनीचा प्रश्न. बॉश, आयएफबी, एलजी यांची यंत्रे आपल्याकडे सहज मिळतात आणि वरच्या कसोट्यांना उतरणारे एखादे तरी प्रत्येकाकडे सापडते. निवड करताना मी एकच गोष्ट पाहीन. आपल्या गावात कंपनीचा स्वतःचा कारागीर येतो का, आणि आला तर किती दिवसांनी? सोसायटीत ज्यांच्याकडे ते यंत्र आहे, त्यांना हे विचारावे. आमचे यंत्र साधारण 45 हजारांना पडले. दहा वर्षे टिकेल असे धरले, तर महिन्याला 375 रुपये होतात. त्यावर वडी, मीठ, चमक आणणारे द्रावण आणि रोजची एखादी युनिट वीज मिळून महिन्याचे 900 रुपये लागतात. मावशींच्या पगारापेक्षा ही मोठी बचत नाही. आमच्याकडे मावशी आजही येतात, फक्त आता पोळ्या करतात. पाण्याची बचत मात्र खरी आहे, कारण एका खेपेला दहा-बारा लिटरच लागतात. अट एवढीच, की भांडी आधी नळाखाली विसळू नयेत. खरकटे काढून टाकले की पुरे.

दर आठवड्याला तळाची गाळणी मी स्वतः धुते. तिच्यात कढीपत्त्याची पाने सापडतात. फोडणीतली मोहरी त्यातूनही निसटते आणि फवारणाऱ्या पंख्याच्या भोकात अडकून बसते; भांडी अचानक अस्वच्छ निघू लागली, की कारागिराला बोलावण्याआधी पंखा काढून टाचणीने ती भोके मोकळी करावीत.