काठावरून उडी मारायची नाही

जर्मनीत जलतरण तलावावर हमखास दिसणारी पाटी म्हणजे 'काठावरून उडी मारण्यास मनाई'. आता उडी मारायची नाही, तर पोरांनी पाण्यात जायचंच कशाला? गंमत अशी की, इथल्या पोरांचा पोहण्याचा पहिला बिल्ला, 'झेपफेर्डशेन', त्याच्या परीक्षेची सुरुवातच काठावरून उडी मारून होते! मग 25 मीटर पोहायचं आणि खांद्याइतक्या पाण्यात तळाशी टाकलेली वस्तू बुडी मारून आणायची. एवढं करूनही पोराला पोहता येतं असं धरत नाहीत. त्याला पुढचा कांस्य बिल्ला लागतो: 15 मिनिटं पोहणं, त्यात किमान 200 मीटर, 2 मीटर खोल बुडी आणि 1 मीटर उंचीवरून उडी. हे मात्र मानलं.

आपल्याकडे पोरं गावच्या विहिरीत पोहायला शिकतात, आणि परीक्षक म्हणजे थोरला भाऊ नाहीतर आत्तीचा पोरगा. साहित्य: तरंगायला पाठीवर बांधायचा 5 लिटरचा तेलाचा रिकामा डबा, झाकण झाळलेलं. बांधण्याआधी डबा पाण्यात दाबून धरायचा. बुडबुडे आले की बाद. बारीक भोकातून डबा हळूहळू भरतो आणि पाठीवर असल्यानं पोराला पत्ता लागत नाही. डबा खांद्यांच्या खाली, पाठीवर उंच हवा. कमरेला बांधला तर ढुंगण वर आणि तोंड पाण्यात. गाठ पोटावर, म्हणजे सैल झालेली हाताला लागते. पांगिऱ्याचं लाकूड डब्यापेक्षा बरं, फुटायची भीती नाही. पण पाणी पितं, रोज उन्हात वाळवावं लागतं. शिवाय काखेखालून कासरा, आणि त्याचं टोक धरणारा पायरीवर बसलेला. शेवाळावर उभा राहिला की दोघंही आत.

नवखा घाबरून मान वर ताणतो, मग पाय खाली जातात. भाऊ वरनं ओरडतो, "हनुवटी पाण्यात ठेव की रं!" जर्मनीतला प्रशिक्षकही तेच सांगतो, फक्त पैसे घेऊन.

विहिरीत पोरं बुडतात, उन्हाळ्यात पेपरात बातमी येतेच. पण दोष विहिरीचा, की कासरा धरायला कुणी नसताना उतरण्याचा? आणि 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकला पोहलेला वीरधवल खाडे कोल्हापूरचाच. तो तलावात तयार झाला असेल, पण गाव आमचंच.

इकडे जर्मनीत येणाऱ्या आईबापांनी पोहण्याच्या क्लासला नाव लवकर घालावं, प्रतीक्षायादी लांबलचक असते. तेलाचा डबा घेऊन गेलात, तर जीवरक्षक तुम्हालाच आधी बाहेर काढील.