कवट्या, पंख आणि लोकरीची टोपी

रविवार

अमेरिकेतली शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ. त्यामुळे आमच्याकडे रविवारचे पोहे यूएफसीच्या, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सच्या अमेरिकी स्पर्धेच्या, लढतींसमोर बसूनच खाल्ले जातात. आज दादाही होता. माझा आतेभाऊ, शाळेत असताना तालमीत भरपूर मेहनत केलेला. आखाडा सुटला, पण नजर पैलवानाचीच राहिली. दोन-तीन लढती शांतपणे बघून झाल्यावर तो म्हणाला, "ही पोरं सगळी एकाच दुकानातनं कपडे आणल्यासारखी का येतायत? मातीत सगळे लंगोटावरच असतात, तरी लांबनं ओळखू येतं कोण कुठल्या तालमीचा. इथं काहीच कळंना."

मी म्हटलं, "आधी असं नव्हतं रे दादा."

"मग काय झालं?"

लढत सुरू होती, म्हणून थोडक्यात सांगितलं. पण दिवसभर तोच विषय डोक्यात घोळत राहिला. हा प्रश्न कपड्यांचा वाटतो, पण तो पैशाचा आहे, आणि प्रेक्षकांच्या मायेचाही. सविस्तर लिहून ठेवावंसं वाटतंय.

२०१५ च्या जुलैपर्यंत यूएफसीचा लढवय्या पिंजऱ्याकडे, म्हणजे जाळीच्या आखाड्याकडे, चालत यायचा तो स्वतःच्या टी-शर्टात. त्या टी-शर्टावर त्याचं नाव, त्याच्या जिमचं चिन्ह, त्याच्या गावाचा झेंडा. चड्डीवर पाच-सहा प्रायोजकांची नावं: कुणी प्रोटीन पावडरवाला, कुणी स्क्रू-बोल्ट विकणारा, कुणी चक्क कंडोमचा दुकानदार. निवेदक नाव पुकारत असताना मागे प्रायोजकांचं भलंमोठं कापडी फलक धरलं जायचं. दिसायला सगळा बाजारच. पण त्यातला एकेक शिक्का त्या माणसाने स्वतः फोन करून, ओळखी काढून मिळवलेला असायचा, आणि त्यावर त्याच्या सरावाचा, खाण्याचा, डॉक्टरचा खर्च निघायचा.

मग रीबॉक या खेळाचे कपडे बनवणाऱ्या कंपनीशी यूएफसीचा करार झाला. सगळ्यांना एकच गणवेश, बाहेरच्या प्रायोजकांना बंदी. मोबदला यूएफसीमध्ये किती लढती झाल्या त्यावर: पहिल्या पाच लढतींपर्यंत प्रत्येक लढतीला २,५०० डॉलर, विजेतेपद असेल तर ४०,०००. नवख्या पोराला दोन-तीन महिन्यांच्या तयारीमागे कपड्यांपोटी अडीच हजार डॉलर, आणि त्यातूनच प्रशिक्षकांना द्यायचं. आपलं उत्पन्न घटलं असं कितीतरी लढवय्यांनी उघड सांगितलं. जेकब 'स्टिच' डुरान हा जखमा बांधणारा माणूस, प्रेक्षकांचा अतिशय लाडका. या कराराबद्दल तो बोलला आणि त्याचं काम गेलं. याचा राग मला अजून येतो. चेहरा फुटलेल्या पोरांचं रक्त ज्याने वर्षानुवर्षं थांबवलं, त्याला एका मुलाखतीवरून काढायचं?

गणवेशही आपुलकीने केलेला नव्हता. गिल्बर्ट मेलेंडेझ या नावाजलेल्या लढवय्याचं नाव विक्रीला ठेवताना 'गिब्लर्ट' असं छापून गेलं. त्याच वर्षी आयर्लंडच्या चाहत्यांसाठी काढलेल्या टी-शर्टावरच्या नकाशात उत्तर आयर्लंडच नव्हतं. लोक खवळले, कंपनीला माफी मागून तो मागे घ्यावा लागला. चाहत्यांना कपड्यांचं एवढं काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा प्रसंग आठवावा.

मंगळवार, रात्री

आज कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटला गेले होते. एका गाळ्यावर ढिगाऱ्यात एक टी-शर्ट दिसला आणि मी जागीच थांबले. काळा. छातीभर कवटी, कवटीला दोन्हीकडून पसरलेले गरुडाचे पंख, ते थेट काखेखालून पाठीवर गेलेले. मानेशी जुन्या धर्मग्रंथांतल्यासारखी टोकदार अक्षरं. वर चंदेरी छपाई, ठिकठिकाणी मुद्दाम विटवलेली. शिवणी बाहेरच्या बाजूला. नक्कल होती, कापडावरून लगेच कळत होतं. पण कुळ ओळखू आलं. अफ्लिक्शन! लढतींच्या जगातला कपड्यांचा गाजलेला ब्रँड. दुकानदाराला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तो म्हणाला, "बाइकवाल्या पोरांचा माल आहे ताई."

साधारण २००६ ते २०१० या काळात अमेरिकेत कुठल्याही लढतीला गेलात तर अर्धं प्रेक्षागृह याच वेशात असायचं. अंगाला चिकटलेला काळा टी-शर्ट, कवट्या, क्रूस, साखळदंड, पंख, मागच्या खिशांवर जाड भरतकाम केलेली जीन्स, बारीक कापलेले केस. बाहेरचे लोक या वेशाला तेव्हाही नावं ठेवायचे, आजही ठेवतात. मला मात्र तो वेश मनापासून आवडतो, कारण त्याच्या मागचा इतिहास मला माहीत आहे.

पहिली यूएफसी १९९३ मध्ये डेन्व्हरला झाली. त्यानंतर तीन-चार वर्षांतच हा खेळ जवळजवळ वाळीत पडला. सिनेटर जॉन मॅककेन यांनी त्याला माणसांची कोंबडझुंज म्हटलं, अनेक राज्यांनी बंदी घातली, केबलवाल्यांनी प्रक्षेपण थांबवलं. कुठलीही मोठी कंपनी पैसे लावायला तयार नव्हती. नेमक्या त्या वेळी, १९९७ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत चार्ल्स लुईस आणि डॅन कॉल्डवेल यांनी 'टॅपआउट' हा कपड्यांचा ब्रँड सुरू केला. गाडीच्या डिकीत टी-शर्ट भरायचे, छोट्यामोठ्या लढती जिथे असतील तिथे जायचं, डिकी उघडून विकायचे. लुईस तोंड रंगवून, विचित्र टोप्या घालून फिरायचा. सगळे त्याला 'मास्क' म्हणायचे. ज्या लढवय्यांना कुणी विचारत नव्हतं त्यांना हे लोक टी-शर्ट द्यायचे, आणि जमेल तेव्हा पैसे.

२००९ च्या मार्चमध्ये मास्क मोटार अपघातात गेला. त्याच वर्षी यूएफसीने त्याला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. एकही लढत न लढलेला माणूस तिथे जाण्याची ती पहिलीच वेळ. हे वाचलं की मला फार भरून येतं. कपडे विकणाऱ्या माणसाला लढवय्यांच्या रांगेत बसवलं, आणि ते अगदी योग्य केलं.

अफ्लिक्शनची गोष्ट वेगळी. त्यांनी कपड्यांवर न थांबता स्वतःच लढती भरवायचं ठरवलं. यूएफसीने लगेच आपल्या लढवय्यांना ते कपडे घालायला मनाई केली. २००८ च्या जुलैत अनाहाइमला त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. रशियाच्या फेडोर एमेलियानेन्कोने, त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या हेवीवेटने, टिम सिल्व्हियाला ३६ सेकंदांत संपवलं. दुसरा कार्यक्रम २००९ च्या जानेवारीत. तिसरा ऑगस्टमध्ये व्हायचा होता, पण त्यात लढणार असलेला जोश बार्नेट उत्तेजक चाचणीत सापडला, कार्यक्रम रद्द झाला आणि कंपनी पुन्हा यूएफसीची प्रायोजक होऊन बसली. टी-शर्ट विकून जगातल्या सर्वांत नावाजलेल्या हेवीवेटला रिंगणात उतरवता येतं, एवढी ताकद त्या कवट्यांमध्ये होती.

या जगात घाणही होती. होल्झर राइख नावाच्या ब्रँडच्या कपड्यांवर नाझी जर्मनीची आठवण करून देणारी चिन्हं असायची. २००९ च्या अखेरीस यूएफसीने त्यावर बंदी घातली. चाहत्यांनीच आधी आवाज उठवला होता, याचं मला समाधान वाटतं.

तो टी-शर्ट मी घेतला नाही. नकलेचे पैसे लढणाऱ्याच्या घरी जात नाहीत.

गुरुवार

दादाचा फोन. रविवारचं बोलणं त्याच्याही डोक्यात राहिलं होतं. म्हणाला, "अगं, जत्रेच्या कुस्तीत पोरगं चांगलं लढलं की मैदानाला फेरी मारतं की नाही? लोक हातात दहा-वीस-पन्नास ठेवतात. तुझे ते टी-शर्ट म्हणजे तेच की."

इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. पिंजऱ्याकडे येताना लढवय्या जो टी-शर्ट घालायचा, तोच दुसऱ्या दिवशी दुकानात विकायला असायचा, आणि विक्रीतला वाटा त्याला मिळायचा. ओहायोतल्या कुठल्यातरी गावात गॅरेजमध्ये काम करणारा पोरगा तो घालायचा तेव्हा त्याने आपल्या आवडत्या माणसाच्या हातात नोट ठेवलेली असायची. म्हणून ती छपाई भडक. लांबून दिसली पाहिजे, कोण कुणाचा ते कळलं पाहिजे.

दादाला मग जगभरच्या प्रेक्षकांचे नमुने सांगत बसले. जपानमध्ये प्राइड या तिथल्या संस्थेच्या लढती व्हायच्या, १९९७ ते २००७. सैतामाच्या त्या प्रचंड सभागृहात हजारो माणसं आणि तरी इतकी शांतता की कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाचं बोलणं ऐकू यायचं. खाली पडलेल्याच्या पायांतून वरच्याने गुडघा सोडवून घेतला की एकदम टाळ्या. एवढी बारीक हालचाल कळणारा प्रेक्षक! दादा खूश झाला. "म्हणजे आपल्या खासबागेतल्या म्हाताऱ्यांसारखे जाणकार," म्हणाला. अमेरिकेत उलट. लढत जमिनीवर गेली की मिनिटभरात हुर्यो सुरू. नव्वदच्या दशकातल्या एका लढतीला एक प्रेक्षक उघड्या छातीवर 'जस्ट ब्लीड' असं रंगवून आला होता. तो क्षण कॅमेऱ्यात सापडला आणि रक्ताला चटावलेल्या प्रेक्षकाचं तेच नाव पडून गेलं. ब्राझीलमध्ये परदेशी लढवय्या आला की सगळं सभागृह एका तालात 'उह, व्हाय मोरेर' म्हणतं, म्हणजे 'आता तू मरणार'. ऐकताना अंगावर काटा येतो. आणि कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनची पोरं छातीवर नुसता २०९ हा आकडा घालून येतात. तो त्यांच्या भागाचा टेलिफोन कोड. निक आणि नेट डायझ हे दोन भाऊ तिथले. त्यांनी तो आकडा जगभर नेला.

शनिवार

आज व्यायामानंतर आमच्या जिममधली पोरं बोलत बसली होती. एकाचा कान नुकताच फुगायला लागलाय. सर म्हणाले, रक्त काढून घे, घट्ट पट्टी बांध. त्याला नकोय. त्याला तो कान तसाच हवाय, मोडलेला, कडक झालेला. कुस्ती-जुजुत्सूवाल्यांचा तो बिल्ला आहे, आणि तो विकत मिळत नाही. दादाचा डावा कान तसाच आहे. पण दादाचा कान मेहनतीत आपसूक मोडला, त्यासाठी त्याने उपचार टाळले नव्हते. मी त्या पोराला दवाखान्यात जायलाच सांगितलं. कान विद्रूप झाला तर झाला, पण ऐकण्याची वाट बुजली तर काय करायचं?

गणवेश आल्यावर एक गोष्ट मात्र छान झाली. अंगावरची ओळख काढून घेतली, तर ती डोक्यावर चढली. खबीब नूरमगोमेदोव्ह रशियातल्या दागेस्तानची पापाखा घालून यायचा: मेंढीच्या लोकरीची पांढरी, भरगच्च, कपाळ झाकणारी टोपी. २०१८ च्या ऑक्टोबरात आयर्लंडच्या कॉनर मॅकग्रेगरशी लढत झाली तेव्हा प्रेक्षकांत कितीतरी डोक्यांवर तसल्याच टोप्या होत्या. काहींच्या खऱ्या लोकरीच्या, काहींच्या स्वस्त कृत्रिम केसांच्या. त्याच वर्षी अर्जन भुल्लर या कॅनडातल्या शीख लढवय्याने पगडी घालून पिंजऱ्याकडे जायची परवानगी मागितली आणि ती मिळवली. फेट्याची किंमत जाणणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यातलं मोल वेगळं सांगायला नको. शॉन ओमॅली केस गुलाबी-हिरवे रंगवतो, तर त्याचे चाहते रंगीबेरंगी कुरळे टोप घालून येतात. मॅकग्रेगरने तर पिंजऱ्याबाहेरचं मैदानच निवडलं: २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या पत्रकार परिषदेत गुचीचा पांढरा फरचा कोट, पुढच्या वर्षी बारीक रेघांचा सूट, आणि जवळून पाहिलं तर त्या रेघा म्हणजे ओळीने छापलेली शिवी. ती शिवी मला रुचली नाही. पण डब्लिनमधली प्लंबरची पोरं त्याच्यासारखे सूट शिवून लास व्हेगासला जायची, ताठ मानेने हात झुलवत चालायची, ते बघायला मला फार आवडायचं. तो स्वतः प्लंबरचं काम शिकत होता ना एकेकाळी.

२०२१ पासून रीबॉकच्या जागी व्हेनम ही फ्रेंच कंपनी आली. कापड बरं आहे, रंग निवडायला मिळतात, रकमाही थोड्या वाढल्या. गणवेश तो गणवेशच.

उद्या पुन्हा लढती आहेत. दादा येणार आहे. त्याला पूजा तोमरची जुनी लढत दाखवायची आहे, २०२४ च्या जूनमधली, लुईव्हिलची. यूएफसीमध्ये जिंकलेली पहिली भारतीय महिला. मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या गावातली मुलगी, आणि तिच्याही अंगावर तोच सगळ्यांसारखा गणवेश. मला तिच्या नावाचा एक टी-शर्ट हवा आहे. कुणातरी आपल्या चित्रकाराने मन लावून काढलेला, हवा तेवढा भडक, लांबून वाचता येईल असा. आणि विकला गेला की पैसे थेट तिला मिळतील असा. कुणी काढला तर मी दोन घेईन. एक माझ्यासाठी, एक दादासाठी.