एआयच्या धास्तीत सॉफ्टवेअर शेअर: आधी बिल कशावर निघतं ते बघा

एआय आलं म्हणून सगळं एंटरप्राइझ सॉफ्टवेअर (कंपन्या कामकाजासाठी विकत घेतात ते) बुडणार, हे मला सरसकट पटत नाही. खरा प्रश्न, बिल कशावर निघतं? विक्री आणि ग्राहकसेवेचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या सेल्सफोर्ससारख्या कंपन्यांचं उत्पन्न मुख्यतः माणशी परवान्यावर उभं आहे. एआय एजंटमुळे ग्राहकसेवेतली 100 माणसं 60 झाली, तर परवानेही 60च लागतील. गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषध कारखान्यातली ईआरपी (सगळा कारभार एकत्र सांभाळणारी प्रणाली) मात्र सहजासहजी कोणी उपटत नाही. बॅचच्या नोंदी, जीएसटी, ऑडिट, सगळं तिच्यात गुंतलेलं असतं.

तिमाही निकालात आधी नेट रिटेन्शन बघा, म्हणजे जुन्या ग्राहकांकडून येणारा पैसा किती टिकला ते. जुन्या ग्राहकांनी गेल्या वर्षी 100 रुपये दिले आणि यंदा 96, तर गळती सुरू झाली. मग पुढच्या 12 महिन्यांची करारबद्ध रक्कम बघा, म्हणजे करार झालेत पण विक्रीत अजून धरलेली नाही ती. ती विक्रीपेक्षा हळू वाढत असेल तर खरेदीची घाई नको. आणि फ्री कॅश फ्लोमधून (खर्च आणि भांडवली गुंतवणूक जाऊन उरणारी रोकड) कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरांचा खर्च वजा कराच. स्वस्त वाटणारे कितीतरी शेअर तिथेच महाग निघतात.

पणजी-म्हापशाहून थेट अमेरिकी शेअर घेणाऱ्यांनो, आयकर विवरणपत्रातलं शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) चुकवू नका. ते कॅलेंडर वर्षाप्रमाणे भरायचं असतं, शेअर विकले नसले तरी.