तीनदा विकलेला भोपळा

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा कापणीचा सण म्हटलं की आधी आठवतो तो भोपळा. चांगला घागरीएवढा. उपासना आटोपली की देवळाच्या ओट्यावर (नगरकडे आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो) अर्पणाच्या मालाचा लिलाव लागे. ज्वारी, मेथीच्या जुड्या, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. भोपळा कुणीतरी दहा रुपयांना घ्यायचं आणि "पुन्हा देवाला" म्हणत परत ठेवायचं. असा तो तीन-तीनदा विकला जाई. बोली चढवण्यात पुढे असायचे शेजारचे अण्णा, माळकरी. कोंबड्यावर मात्र कधी बोलायचे नाहीत!

'मिशन' म्हणजे आमच्या लेखी जागा होती. मिशनचा बंगला, मिशनची विहीर, मिशनची शाळा. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं, १८४२ मध्ये त्यांचं 'ज्ञानोदय' नियतकालिक निघालं. ते ऋण कोण नाकारेल? पण साहेब देणार आणि आपण घेणार ही सवय साहेब गेले तरी सुटली नाही. सणाला बाहेरचा एखादा पाहुणा हटकून यायचा आणि भाषणात विचारायचा, "यंदा ख्रिस्ताकडे किती जण आणले?" जणू बाजारातून शेरडं आणायची होती.

रात्री गॅसबत्तीत कीर्तन. बुवा म्हणजे आमचे निवृत्त मास्तर. पूर्वरंगाला तुकोबांचा अभंग, उत्तररंगाला बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट, हे ठरलेलं. एका वर्षी त्यांनी आख्यानच बदललं आणि ना. वा. टिळक लावले. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणणारा कवी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा. आणि १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्याला गेला, 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. एवढं सगळं होऊन गेलेलं, आणि आम्ही अजून मुंडकी मोजत होतो.

मास्तरांनी चिपळ्या खाली ठेवल्या. "आपल्या दरबारात कोण कोण बसतं हो?"

पुढच्या रांगेतले पंच नखं बघू लागले. मागून अण्णांचा आवाज आला, "मी बसलोय की, मास्तर! पण सतरंजी पुरंना."

हशा पिकला. दुसरी सतरंजी आणायला मीच पळालो, म्हणून पुढचं थोडं आख्यान हुकलं.

पुढच्या वर्षी पाहुणा बोलवायचा नाही, गावातल्याच कुणीतरी बोलायचं असं ठरलं. पहिला मान अण्णांना. पाऊण तास बोलले, त्यातला अर्धा वेळ पावसावर, आणि आमटी पार गार झाली.